देहांची मोजदाद

दासबोधाच्या सतराव्या दशकात समर्थांनी माणसाच्या देहाचा हिशेब मांडला आहे. तो ब्याऐंशीवर येऊन थांबतो. स्थूळ आणि सूक्ष्म या दोन देहांची मिळून पन्नास तत्त्वे. शिवाय स्थूळ, सूक्ष्म, कारण आणि महाकारण या चार देहांतल्या प्रत्येकाची अवस्था वेगळी, अभिमानी वेगळा, स्थान, भोग, मात्रा, गुण आणि शक्ती वेगळी. देहाचे नाव धरून प्रत्येकी आठ, म्हणजे बत्तीस. पन्नास आणि बत्तीस, ब्याऐंशी. परंपरा सांगते की हा ग्रंथ महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत समर्थांनी सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला. महाड-पोलादपूरच्या गावांत आजही दासबोधाची पारायणे होतात आणि हरिनाम सप्ताहात कीर्तनकार चार देहांची फोड करून सांगतात. ऐकणारा शेतकरी असो की सुट्टीला आलेला चाकरमानी, ‘महाकारण’ हा शब्द त्याला नवा नसतो.

या हिशेबानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी, १८८१च्या ऑक्टोबरात, मुंबईहून निघणाऱ्या ‘द थिऑसफिस्ट’ या इंग्रजी मासिकात दुसरी मोजदाद छापून आली. तीत माणसाची सात तत्त्वे सांगितली होती. पुढची पन्नास वर्षे थिऑसफीच्या मंडळींनी या साताचे काय काय केले, कोणी त्याचे चार केले, कोणी एकोणपन्नास उपलोक काढले, कोणी सगळी यादीच गुंडाळून ठेवली, हा या पुस्तकाचा विषय आहे. लेखक महाडचे आहेत. त्यांच्या हाती पहिली मोजदाद आधी आली आणि दुसरी बरीच नंतर. या विषयावर इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ते बहुतेक लंडन किंवा अड्यारच्या बाजूने. शिवथरघळीच्या बाजूने पाहिले की तोच वाद निराळा दिसतो.

नव्या वाचकासाठी थोडी पार्श्वभूमी. थिऑसॉफिकल सोसायटीची स्थापना १७ नोव्हेंबर १८७५ रोजी न्यूयॉर्कला झाली. हेलेना ब्लाव्हॅट्स्की, कर्नल हेन्री ऑल्कट आणि विल्यम जज ही संस्थापकांतली मुख्य नावे. ब्लाव्हॅट्स्की आणि ऑल्कट १६ फेब्रुवारी १८७९ रोजी मुंबईत उतरले आणि सुरुवातीला गिरगावात राहिले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘द थिऑसफिस्ट’ सुरू झाले. १८८२च्या अखेरीस संस्थेचे ठाणे मद्रासजवळच्या अड्यारला हलले आणि तेव्हापासून थिऑसफी म्हटले की अड्यारच डोळ्यांसमोर येते. पण सात तत्त्वांची भाषा अड्यारला जाण्याआधीच, मुंबईच्या मुक्कामात, जगासमोर आली होती.

मुंबईतल्या त्या दिवसांत दोन माणसे ठळक दिसतात. एक दामोदर मावळणकर. अहमदाबादच्या मराठी कुटुंबातला हा तरुण घरदार सोडून सोसायटीत आला, मासिकाचा व्याप त्याने अंगावर घेतला आणि १८८५ साली तिबेटच्या दिशेने निघून गेला. दुसरे तुकाराम तात्या पडवळ. जोतीराव फुल्यांचे स्नेही, ‘जातिभेद विवेकसार’चे कर्ते आणि तुकोबांच्या गाथेचे प्रकाशक. बॉम्बे थिऑसॉफिकल पब्लिकेशन फंडाच्या नावाने त्यांनी योगाची आणि वेदान्ताची पुस्तके छापली. जातीवर कोरडे ओढणारा माणूस सूक्ष्म देहांच्या ग्रंथांना पदरचे पैसे लावतो, यात विसंगती पाहण्याची घाई मी करणार नाही. ब्राह्मणाच्या मध्यस्थीवाचून शास्त्र वाचायला मिळणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

आता मूळ मुद्दा. देहाचे थर मोजण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि तीत एकवाक्यता कधीच नव्हती. तैत्तिरीय उपनिषदात पाच कोश येतात. सांख्यांचे लिंगशरीर अठरा तत्त्वांचे, तर वेदान्त्यांचे सूक्ष्म शरीर सतरा तत्त्वांचे. मराठीत मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’पासून चार देहांची मांडणी रुळली. नाथ आणि वारकरी परंपरेने त्या चारांना रंग आणि मापेही दिली: स्थूळ तांबडा, सूक्ष्म पांढरा आणि अंगठ्याएवढा, कारण काळा आणि बोटाच्या अर्ध्या पेराएवढा, महाकारण निळा आणि मसुरेएवढा. आत जावे तसा देह लहान होत जातो. थिऑसफीच्या चित्रांत याच्या उलट असते. तिथे सूक्ष्म देह स्थूलाच्या बाहेर अंड्याच्या आकारात पसरलेला असतो आणि माणूस जितका उन्नत तितके ते अंडे मोठे. अशा जागी लेखक थांबतात, दोन्ही चित्रे शेजारी ठेवतात आणि समन्वयाची घाई करत नाहीत. मला ती सबुरी आवडली.

ब्लाव्हॅट्स्कींच्या १८७७च्या ‘आयसिस अनव्हेल्ड’मध्ये सात तत्त्वे नाहीत. तिथे देह, जीव आणि आत्मा असे तीनच. मग चार वर्षांत सात कुठून आली? मेलबर्नच्या एका प्रेतसंवादवाद्याने काही शंका विचारल्या होत्या. त्यांना उत्तर म्हणून ए. ओ. ह्यूम (हेच नंतर काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होते) यांनी ‘फ्रॅगमेंट्स ऑफ ऑकल्ट ट्रुथ’ ही लेखमाला सुरू केली. बैठकीत टेबलावर टकटक होते, मेलेल्या नातेवाइकाच्या नावाने कोणी बोलते; ते कोण? ह्यूम यांचे उत्तर असे की बोलणारा तो माणूस नव्हेच. तो त्याच्या वासनांचा मागे राहिलेला सांगाडा. हे उत्तर द्यायचे तर माणसाची इतकी फोड करणे भाग होते की मेल्यावर काय विरते, काय घुटमळते आणि काय पुढे जाते हे वेगवेगळे दाखवता यावे. तीन तत्त्वांत ते बसत नव्हते, सातांत बसले. १८८३ साली ए. पी. सिनेट यांच्या ‘एसोटेरिक बुद्धिझम’ने ती यादी पक्की केली: रूप म्हणजे स्थूल देह, प्राण किंवा जीव, लिंगशरीर, कामरूप, मनस, बुद्धी, आत्मा. बहुतेक नावे संस्कृत. त्यामुळे ही यादी आपल्या शास्त्रांतूनच जशीच्या तशी उचलली आहे असा समज झाला, आणि तो अजून आहे.

तसे नव्हते. लिंगशरीराचेच पाहा. वेदान्तात लिंगशरीर हाच सूक्ष्म देह. तो मरणाने सुटत नाही, जन्मोजन्मी जीवाबरोबर जातो. थिऑसफीच्या यादीतले लिंगशरीर मात्र स्थूल देहाची छाया आहे आणि ते प्रेताबरोबरच विरून जाते. दासबोध वाचलेला माणूस सिनेटचे पुस्तक उघडील तर पहिल्या दहा पानांत अडखळेल. पुढे अ‍ॅनी बेझंटबाईंनी त्याला ‘ईथरिक डबल’ असे नवे नाव दिले, तेव्हा इंग्रजी वाचकांची सोय झाली. आपल्याकडे गोंधळ तसाच राहिला.

या गोंधळावर पहिल्यांदा नीट बोट ठेवले ते टी. सुब्बा राव यांनी. मद्रासचे वकील, वेदान्ताचा गाढा अभ्यास, वय अवघे तीस. १८८६च्या अड्यार अधिवेशनात गीतेवर व्याख्याने देताना त्यांनी सात तत्त्वांची विभागणी गैरसोयीची आणि अशास्त्रीय ठरवली आणि तारक राजयोगातली मांडणी पुढे केली: स्थूलोपाधी, सूक्ष्मोपाधी, कारणोपाधी आणि त्यांच्या पलीकडे आत्मा. ब्लाव्हॅट्स्कींनी १८८७च्या एप्रिलच्या अंकात उत्तर दिले, रावांनी प्रत्युत्तर दिले. प्रकरण वाढत गेले आणि १८८८ साली राव सोसायटीतून बाहेर पडले. १८९० साली, तेहतिसाव्या वर्षी, ते वारले.

थिऑसफीच्या इतिहासात हा वाद तळटीपेसारखा सांगतात. माझ्या मते सगळ्या विषयाचा सांधा इथेच आहे, आणि लेखकांनी त्याला दिलेली जागा योग्य आहे. रावांचा आक्षेप आकड्याच्या फार पुढे जाणारा होता. साधकाला प्रत्यक्ष अनुभवाने जे वेगळे करता येते तेवढेच वेगळे मोजावे, असा त्यांचा आग्रह. जागृतीचा आधार एक, स्वप्नाचा एक, सुषुप्तीचा एक. योगी या तीन उपाधी जिवंतपणी वेगळ्या करू शकतो. सात तत्त्वे सुटी करायला गेला तर मरेल. गंमत म्हणजे १८८८च्या ‘सीक्रेट डॉक्ट्रिन’मध्ये ब्लाव्हॅट्स्कींनी सात तत्त्वे, वेदान्ताचे कोश आणि तारक राजयोगाच्या उपाधी यांचा तक्ताच दिला आणि साधनेपुरती रावांची वाटणी सर्वांत सोपी आणि चांगली असे मान्य केले. भांडण झाले, माणूस गेला आणि तक्त्यात त्याचा रकाना राहिला.

म्हणजे ह्यूम-सिनेट मेल्यानंतरचा हिशेब मांडत होते आणि राव जिवंतपणीचा. एकाच जमिनीचे वारसांनी केलेले वाटप आणि पिकांप्रमाणे पाडलेले तुकडे जुळत नाहीत, म्हणून त्यांतले एक खोटे ठरत नाही. पुस्तकाचा कणा हाच आहे. प्रत्येक यादीला आधी विचारायचे की तू कशासाठी मोजतेस, आणि मगच आकडा पाहायचा.

ब्लाव्हॅट्स्की १८९१च्या मे महिन्यात वारल्या. त्यानंतरची पिढी अ‍ॅनी बेझंट आणि चार्ल्स लेडबीटर यांची. बेझंटबाईंच्या १८९२च्या ‘द सेव्हन प्रिन्सिपल्स ऑफ मॅन’मध्ये जुनी चौकट आहे. चारच वर्षांनी आलेल्या ‘मॅन अँड हिज बॉडीज’मध्ये तत्त्वे मागे सरली आणि देह पुढे आले. मधल्या काळात, १८९५ साली, लेडबीटर यांचे ‘द अ‍ॅस्ट्रल प्लेन’ निघाले होते. त्याच्या उपशीर्षकातच तिथली दृश्ये, तिथले रहिवासी आणि तिथल्या घडामोडी यांचे वचन आहे. ही प्रवासवर्णनाची भाषा झाली. ब्लाव्हॅट्स्की लोकांविषयी, म्हणजे ‘प्लेन’विषयी, बोलत तेव्हा बराचसा भर जाणिवेच्या अवस्थांवर असे. लेडबीटर यांच्याकडे लोक म्हणजे उत्तरोत्तर विरळ होत जाणाऱ्या द्रव्याचे थर झाले: भौतिक, वासनालोक, मनोलोक, बुद्धिलोक, आत्मलोक आणि त्यांच्या वरचे दोन. प्रत्येकात सात उपलोक, एकूण एकोणपन्नास. मनोलोकाच्या खालच्या चार उपलोकांचे द्रव्य मानसदेहाला, वरच्या तिन्हींचे कारणदेहाला. १९०२च्या ‘मॅन व्हिजिबल अँड इनव्हिजिबल’मध्ये या देहांची रंगीत चित्रेच आली. पुढे आर्थर पॉवेल यांनी १९२५पासून एकेका देहावर एकेक जाड ग्रंथ संकलित केला. ते व्यवस्थित आहेत आणि कंटाळवाणे आहेत.

या कारणदेहाने मला सर्वांत जास्त विचारात पाडले. लेडबीटर यांच्याकडे कारणदेह म्हणजे जीवाची तिजोरी. जन्मोजन्मीचे पुण्य आणि गुण त्यात साठतात, तो उजळत जातो, भरत जातो. वेदान्तात कारणदेह म्हणजे अज्ञान, गाढ झोपेतला अंधार. तो भरायचा नसतो, नाहीसा करायचा असतो. समर्थांच्या मांडणीत तर त्याच्या पुढचा महाकारण, जो ज्ञानरूप आहे, तोही ठेवायचा नाही. म्हणून ते ब्याऐंशी तत्त्वे मोजतात आणि सगळी मायिक म्हणून निकालात काढतात. आपल्याकडे याला तत्त्वझाडा म्हणतात. झाडा घ्यायचा तो खाते बंद करण्यासाठी. थिऑसफीचे दुसऱ्या पिढीतले ग्रंथ खाते उघडून देतात आणि जमा बाजू दाखवत राहतात. सुधारणा, उत्क्रांती, प्रगती यांवर एकोणिसाव्या शतकाची जी श्रद्धा होती तिचा रंग या कारणदेहावर चढला आहे, हे लेखकांचे निरीक्षण मला पटते.

बाकीच्या शाखा थोडक्यात. विल्यम जज १८९५ साली अमेरिकेतली बहुतेक शाखा घेऊन वेगळे झाले. १९०९ साली लॉस एंजेलिसला युनायटेड लॉज ऑफ थिऑसफिस्ट्स निघाली. ब्लाव्हॅट्स्की आणि जज यांच्या पलीकडचे काही प्रमाण मानायचे नाही हा तिचा बाणा. बी. पी. वाडिया यांनी १९२९ साली ती मुंबईत आणली. १९२३ साली महात्म्यांची, म्हणजे थिऑसफीच्या अदृश्य गुरूंची म्हणून सिनेट यांना आलेली, पत्रे पुस्तकरूपाने छापली गेल्यावर ‘मागे ब्लाव्हॅट्स्कीकडे’ या हाकेला जोर आला, कारण सिनेटच्या आणि लेडबीटरच्या मांडण्या मूळ पत्रांशी ताडून पाहता येऊ लागल्या. जर्मनीत रुडॉल्फ स्टायनर यांनी १९०४ साली स्वतःची मांडणी केली आणि १९१२-१३मध्ये वेगळी वाट धरली. आणि भावी जगद्गुरू म्हणून ज्यांच्यासाठी हा सगळा डोलारा सजला होता त्या जे. कृष्णमूर्तींनी ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमध्ये त्यांच्याभोवती उभारलेली ऑर्डर ऑफ द स्टार ही संघटना विसर्जित केली. पुढची साठेक वर्षे ते जाणिवेविषयी बोलले, पण देहांच्या आणि लोकांच्या याद्यांना त्यांनी थारा दिला नाही.

प्रमाणाचा प्रश्न टाळता येत नाही. सिनेट महात्म्यांच्या पत्रांवर विसंबले, म्हणजे आप्तवाक्यावर. लेडबीटर आणि बेझंट स्वतःच्या दिव्यदृष्टीवर. १८८५ साली लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चने हॉजसन अहवालात ब्लाव्हॅट्स्कींवर लबाडीचा ठपका ठेवला. त्या अहवालाच्या पद्धतीवर पुढे त्याच संस्थेच्या नियतकालिकात टीका झाली, तरी पत्रांचा प्रश्न सुटलेला नाही. इथे दासबोधाचा नववा दशक आठवतो. पिंडासारखेच ब्रह्मांड, पिंडात चार देह तसे ब्रह्मांडात चार, हे शास्त्राधाराने ठीक, पण याची प्रचीती कशी घ्यायची, अशी शंका तिथे रोखठोक मांडली आहे. सतराव्या शतकात घळीत बसून हा प्रश्न पडू शकत होता. एकोणपन्नास उपलोकांपुढे तो पडला नाही तर आपलीच शरम.

प्रचीतीच्या आग्रहाचा आणखी एक धागा महाडात आहे. १९२७ साली अड्यारहून लेडबीटर यांचे ‘द चक्राज’ निघाले. त्याच वर्षी २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि २५ डिसेंबरला महाडातच मनुस्मृती जाळली गेली. एका ठिकाणी देहातली अदृश्य चक्रे रंगवली जात होती, दुसऱ्या ठिकाणी दृश्य देहाला तळ्यावरचे पाणी मिळावे म्हणून माणसे मार खात होती. आंबेडकरांनी पुढे ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये आत्मा आणि त्याचे देहांतर दोन्ही नाकारले. महाडजवळ गांधारपाल्याला सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत. तिथे राहून गेलेल्या भिक्खूंच्या परंपरेतही माणसाची फोड होतीच: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान. पाच स्कंध मोजायचे ते आत कोणी मालक सापडत नाही हे पाहण्यासाठी. सिनेटने पुस्तकाच्या नावात बुद्धाला घातले आणि आत अमर आत्मा ठेवला, याची जाणीव महाडच्या वाचकाला मुंबईच्या वाचकापेक्षा लवकर व्हायला हवी. लेखक दलित चळवळीच्या बाजूने हा प्रश्न उपस्थित करतात, मात्र दोनच पानांत सोडून देतात. ही मला या पुस्तकातली मोठी उणीव वाटते.

आज हे सारे कशाला, असे कोणी विचारील. एक कारण उघड आहे. ‘ऑरा’, ‘अ‍ॅस्ट्रल’, ‘सेव्हन चक्र’ हे शब्द मोबाइलवरून महाडच्या बाजारपेठेपर्यंत पोचले आहेत, शिबिरांच्या जाहिरातींसह. चक्रांना इंद्रधनुष्याचे सात रंग क्रमाने वाटण्याची रीत जुन्या तंत्रग्रंथांत नाही. ती विसाव्या शतकातली आहे, आणि सनातन म्हणून विकली जाते. कोणती गोष्ट कुठून आली हे माहीत असलेला माणूस फी भरण्याआधी दोन प्रश्न विचारील, एवढे तरी व्हावे.

दुसरे कारण जड आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि कित्येकांचे देह हाती लागलेच नाहीत. आपल्याकडे दहा दिवसांच्या पिंडांतून गेलेल्याला नवा देह घडवून देतात अशी समजूत आहे. शिरापासून सुरुवात होते, दहाव्याला कावळ्याची वाट पाहतात. ज्यांना दहनच देता आले नाही त्यांचे काय, हा प्रश्न अशा वेळी भटजीला, कीर्तनकाराला, शिक्षकाला विचारला जातो. सूक्ष्म देहांच्या सगळ्या याद्या शेवटी याच प्रश्नाभोवती फिरत आल्या आहेत. हे पुस्तक त्याचे उत्तर देत नाही. कोणी कोणते उत्तर दिले, कोणत्या आधारावर आणि कोणत्या गरजेतून, एवढेच ते दाखवते. सांत्वन हवे असेल त्याने ते दुसरीकडे शोधावे.

लेखक थिऑसफीचे अनुयायी नाहीत आणि तिची टिंगलही करत नाहीत. काही ठिकाणी ते फार सौम्य झाले आहेत. लेडबीटर यांच्या परलोकवर्णनांना त्यांनी दिलेली सूट मी दिली नसती. स्टायनर यांना जागा कमी मिळाली आहे. उलट तुकाराम तात्यांवरचा भाग स्वतंत्र पुस्तकाची मागणी करतो. तक्ते भरपूर आहेत, पण नवख्या वाचकाने ते आधी पाहू नयेत. सात आणि चार यांच्या रेघा ओढण्यात मूळ भांडण हरवते. सुब्बा राव यांच्यावरचे प्रकरण पहिल्यांदा वाचावे, शेजारी दासबोधाच्या सतराव्या दशकातला नववा समास उघडा ठेवून, आणि मग मागे जाऊन १८८१पासून सुरुवात करावी.